खिडकी : केव्हा उघडावी, केव्हा मिटावी?

घराला खिडकी असावी, हे कोणास नव्याने सांगावयास नको. तथापि ती कोणत्या भिंतीला असावी, केवढी असावी, आणि मुख्य म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी उघडी व कोणत्या वेळी बंद असावी, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. घर बांधताना सिमेंट, लोखंड, वाळू यांचे भाव आपण दहा ठिकाणी विचारतो. खिडकी मात्र गवंडी म्हणेल तिथे आणि म्हणेल तेवढी. आम्हीही त्यातलेच. आमच्या अभ्यासिकेवर आलेल्या एका प्रसंगामुळे आम्हांला या विषयात लक्ष घालावे लागले. जे समजले ते सभासद व विद्यार्थी बंधू-भगिनींपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख.

प्रसंग असा. संस्थेची नांदेड येथील अभ्यासिका ३० फूट लांब व २० फूट रुंद असून वर उघडा स्लॅब आहे. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी पहाटेपासून येऊन बसतात. एप्रिल लागला की दुपारी तिथे बसवत नाही, म्हणून मुले पुस्तके उचलून बाहेर पिंपळाखाली जातात. एका बैठकीत सूचना आली की वर्गणी काढून वातानुकूलन यंत्रे बसवावीत. सूचना करणाऱ्या सभासदाची कळकळ खरी होती. परंतु हिशेब मांडला तेव्हा सारेच गप्प झाले. एवढ्या खोलीला दीड टनाची निदान दोन यंत्रे हवीत. पूर्ण भाराने चालले तर एक यंत्र सुमारे १५०० वॅट घेते. दोन यंत्रे रोज आठ तास म्हणजे २४ युनिट, महिन्याचे २६ दिवस धरले तर ६०० युनिटांच्या वर. ज्या निधीतून आपण गरजू मुलामुलींचे परीक्षा शुल्क भरतो, त्याच निधीतून हे बिल जाणार. यंत्र एकदाच घ्यावे लागते, बिल दर महिन्याला येते.

त्याच बैठकीत एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, “खिडक्या आहेत ना? मग वारा का येत नाही?” आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे फूटपट्टी घेऊन गेलो.

कागदावर सारे ठीक होते. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत कोरड्या उष्ण हवामानासाठी खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-दशांश असावे असा संकेत आहे, दमट उष्ण भागासाठी एक-षष्ठांश. आमची जमीन ६०० चौरस फूट, म्हणजे ६० चौरस फूट खिडक्या हव्यात. आमच्या खिडक्या चार फूट बाय चार फुटांच्या चार, म्हणजे ६४ चौरस फूट. नियम पुरा झाला. पण त्या सरकत्या काचेच्या. एक काच दुसरीमागे सरकते, म्हणून निम्मीच खिडकी उघडते. ६४ चे ३२ झाले. दुसरे म्हणजे चारही खिडक्या एकाच भिंतीला, रस्त्याच्या बाजूला, इमारत दिसायला चांगली दिसावी म्हणून. आणि ती भिंत पश्चिमेची. समोरच्या पूर्वेच्या भिंतीला एकही खिडकी नाही, कपाटे लावायला सोयीची म्हणून ती कोरी ठेवलेली. हे बांधकाम दुसऱ्या कोणी केले नव्हते, आम्हीच उभे राहून करवून घेतले होते, हे इथे कबूल केले पाहिजे.

सर्वांत मोठी चूक मात्र भिंतीत नव्हती, घड्याळात होती. आमचे पहारेकरी सकाळी नऊ वाजता चारही खिडक्या उघडीत आणि रात्री दहाला अभ्यासिका बंद करताना काळजीपूर्वक लावून घेत. ज्या वेळी बाहेर आग असते त्या वेळी उघड्या, ज्या वेळी बाहेर गारवा असतो त्या वेळी बंद! कोणाच्याही मनात आले नाही की हे उलटे चालले आहे.

वातपान

हा प्रश्न आजचा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात विहारांच्या बांधणीविषयी एक प्रकरण आहे. त्यात असा उल्लेख येतो की सुरुवातीचे विहार बिनखिडक्यांचे होते, त्यामुळे आत डोळ्यांना त्रास होई व कोंदट वास येई. तेव्हा तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुज्ञा देण्यात आली : वेदिकेसारख्या कठड्याची, जाळीची आणि उभ्या गजांची. पुढे खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा पडद्याची आणि मग झडपेची परवानगी मिळाली. आज आपल्यापुढे डास, धूळ आणि चोर यांचा जो प्रश्न आहे तोच हा, फक्त प्राणी निराळे. ग्रंथातील हा भाग कोणी फारसा वाचत नाही. आम्हांला मात्र तो फार जवळचा वाटला, कारण त्यात उपदेश नाही. एक अडचण, तिच्यावर उपाय, त्या उपायातून निघालेली दुसरी अडचण, अशी सरळ गोष्ट आहे.

पालीत खिडकीला शब्द आहे ‘वातपान’. ‘पा’ या धातूचे पिणे आणि राखणे असे दोन्ही अर्थ होतात. वारा पिणारी ती खिडकी, असे म्हणा किंवा वाऱ्यापासून राखणारी ती खिडकी, असे म्हणा. मराठवाड्यात खिडकीकडून ही दोन्ही कामे रोज, पाळीपाळीने घ्यावी लागतात. आमचा सारा लेख या एका शब्दात आला आहे, असे म्हटले तरी चालेल.

लेण्यांतही हाच विचार दिसतो. अजिंठ्याच्या ९, १०, १९ व २६ क्रमांकांच्या चैत्यगृहांत प्रवेशद्वाराच्या वर घोड्याच्या नालासारखे मोठे गवाक्ष आहे. दारातून माणूस जातो, वरच्या गवाक्षातून उजेड जातो व थेट आतल्या स्तूपापर्यंत पोचतो. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर लातूरहून तेरला जावे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. त्याची मागची बाजू गोलाकार आहे आणि दर्शनी भागावर ती चैत्यकमान आजही ओळखता येते. सहल निघाली तर विद्यार्थ्यांनी आत उभे राहून उजेड कोठून येतो ते पाहावे.

माळवद गेले, गारवा गेला

आता आपल्या घरांकडे वळू. लातूर-धाराशिव भागातील जुने घर म्हणजे माळवद. दगड व चिखलाच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांब व तुळया, वर फळ्या किंवा किलचा टाकून त्यावर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर. खिडक्या जवळपास नाहीतच. छताला मध्ये एक भोक ठेवीत, त्याला सवणे म्हणत. त्यातून उजेडाचा एक कवडसा चुलीजवळ पडे आणि धूर व तापलेली हवा वर निघून जाई. पाऊस आला की त्यावर झाकण टाकायचे. अशा घरात वैशाखातही गार वाटे. कारण एवढ्या जाड भिंतीतून आणि मातीतून ऊन आत पोचेपर्यंत रात्र होई. अंधार मात्र भर दुपारीही असे, आणि चुलीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जाई तो वेगळाच. जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांच्या वाडवडिलांच्या वाट्याला ऐसपैस माळवद नव्हतेच. एक खोली, एक दार आणि मागची भिंत शेजाऱ्याची, असेच घर होते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत त्या जाड भिंतींनीच घात केला. आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन थर, मध्ये माती व खडी, दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर मातीचे प्रचंड ओझे. ज्या जाडीने गारवा दिला त्याच जाडीखाली माणसे झोपेत गाडली गेली. पुढे पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे पातळ भिंती, काँक्रीटचे छत, सरळ रस्ते आले. घर सुरक्षित झाले, हे निर्विवाद. पण उन्हाळ्यात ते तापू लागले. लोकांनी दारापुढे मांडव घातले, पत्र्याची किंवा गवताची पडवी काढली, आणि दुपार तिथे काढू लागले. औसा तालुक्यातील आमचे एक सभासद म्हणतात, “घर सामानाला, पडवी माणसाला.”

आता मातीचे ते ओझे पुन्हा डोक्यावर घेण्याचा सल्ला कोणी शहाणा माणूस देणार नाही. मग जो गारवा जाडीने मिळत होता तो आता कशातून मिळवावयाचा? गावोगावी घरकुले उभी राहत आहेत, रमाई आवास योजनेतून, प्रधानमंत्री आवास योजनेतून. त्या साऱ्यांपुढे हाच प्रश्न आहे. विजेच्या बळावर तो सोडवणे बहुतेकांना परवडणारे नाही. उरते ती सावली, रात्रीचा वारा आणि त्या दोहोंना आत घेणारी, उन्हाला बाहेर ठेवणारी खिडकी.

सूर्य कोठून येतो

आमच्याकडे खिडक्यांचा विषय निघताच कोणी तरी वास्तुशास्त्राच्या जाणकाराला बोलवा म्हणाले. आम्ही शाळेतले होकायंत्र आणि भूगोलाचे पुस्तक घेतले.

नांदेडचा अक्षांश सुमारे १९ अंश, लातूरचा सुमारे साडेअठरा. मे महिन्याच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग जुलैअखेरपर्यंत तो किंचित उत्तरेकडे असतो आणि पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे सरकतो. २१ डिसेंबरच्या सुमारास दुपारी बारालाही तो दक्षिणेला, क्षितिजापासून ४७-४८ अंशांवर असतो. याचा उपयोग असा : दक्षिणेच्या भिंतीला चार फूट उंचीची खिडकी आहे आणि तिच्या लगेच वर दीड फुटाचा छज्जा आहे, असे समजा. मार्चअखेरीस माध्यान्ही त्या छज्जाची सावली सव्वाचार फुटांहूनही अधिक खाली येते, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. पुढे एप्रिल-मेमध्ये ऊन अधिकच उभे होते, आत येतच नाही. डिसेंबरात मात्र सावली दीड फुटाहून थोडी अधिक एवढीच पडते आणि खालच्या सव्वादोन फुटांतून कोवळे ऊन आत येते. हवे तेव्हा ऊन, नको तेव्हा सावली, आणि खर्च दीड फूट छज्जाचा. विद्यार्थ्यांनी त्रिकोणमितीच्या तक्त्यावरून हे ताडून पाहावे. दीडला सूर्याच्या उंचीच्या ‘टॅन’ने गुणले की झाले. शाळेत जे निरुपयोगी वाटते ते कोठे कामी येईल सांगता येत नाही.

उत्तरेची खिडकी सर्वांत निरुपद्रवी. तिच्यातून उजेड येतो तो सारखा, डोळ्यांना न टोचणारा. वाचनाच्या खोलीला ती असायलाच हवी. पश्चिमेचे दुखणे मात्र अवघड. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि ऊन आडवे येते. आडव्या उन्हापुढे छज्जा काय करणार? आणि काच असेल तर पाहायलाच नको. काच उन्हाला आत येऊ देते, पण आतल्या तापलेल्या वस्तूंची ऊब तिच्यातून सहजासहजी परत बाहेर जात नाही. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत दुपारी बसून पाहिल्यास अधिक सांगावे लागणार नाही. आतून लावलेल्या पडद्याचा येथे फार उपयोग होत नाही, कारण काच ओलांडून ऊन आत आलेलेच असते. आडोसा बाहेरून हवा : बांबूची ताटी, वेताची चिक, लाकडी झडप, विटांची जाळी, किंवा सर्वांत चांगला म्हणजे कडुलिंब. विटांच्या जाळीचे काम लॉरी बेकर या वास्तुतज्ज्ञांनी केरळात फार मोठ्या प्रमाणावर केले. वीट तीच, गवंडी तोच, फक्त मध्ये मध्ये वीट गाळायची. उजेड येतो, वारा येतो, थेट ऊन येत नाही, चोरही येत नाही.

वारा केव्हा घ्यावा

आमच्याकडे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिम, वायव्य किंवा नैर्ऋत्य या बाजूंनी येतो. हिवाळ्यात तो फिरून ईशान्य-पूर्वेकडून येतो. म्हणजे ज्या बाजूने दुपारचे ऊन येते त्याच बाजूने उन्हाळ्यातला वारा येतो. हा पेच वाटतो, पण दिशेऐवजी वेळ पाहिली की तो सुटतो. नांदेडला मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांच्या आसपास असतो, पहाटे तो २६-२७ पर्यंत उतरतो. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर असल्याने तेथे दोन-तीन अंश कमी. एका दिवसात पंधरा अंशांचा फरक! मुंबई-कोकणात दमट हवेमुळे असा फरक पडत नाही, तेथे दिवसभर वारा खेळता ठेवणे हाच उपाय. आपल्याकडे दुपारी खिडकी उघडली तर वारा येत नाही, झळ येते. म्हणून सकाळी नऊ-साडेनऊच्या आत खिडक्या व त्यांच्या झडपा लावून घ्याव्यात, उजेडापुरती उत्तरेची एखादी ठेवावी, आणि सूर्य मावळल्यावर साऱ्या सताड उघडून रात्रभर तशाच ठेवाव्यात. पश्चिमेची खिडकी रात्री उघडली तर तिच्यातून ऊन येणार नाही, वाराच येईल.

रात्रीच्या वाऱ्याने काय होते? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आतल्या माणसांवर ऊब सोडत राहतो. म्हणूनच रात्री अकराला बाहेर गार आणि घरात भट्टी, असा अनुभव येतो. गार वारा भिंतींना व स्लॅबला लागून वाहिला तर त्यांतली ऊब तो काढून नेतो. सकाळी थंड झालेल्या त्याच भिंती दुपारपर्यंत खोली धरून ठेवतात. जाड माळवदाइतक्या नव्हे, पण बऱ्यापैकी. मात्र वारा स्लॅबपर्यंत पोचला पाहिजे. खिडकीची वरची कड सात फुटांवर आणि स्लॅब दहा फुटांवर, मग मधल्या तीन फुटांत तापलेली हवा कोंडून राहते. जुन्या घरातले सवणे हीच कोंडी फोडत होते. आज स्लॅबला भोक पाडणे शक्य नसेल तर स्लॅबच्या लगत खाली, फूटभर उंचीचे झरोके ठेवावेत. पूर्वी दरवाजावरही जाळीचा झरोका असे. अलीकडे तो कोणी ठेवीत नाही, का ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, वाऱ्याला येण्याइतकीच जाण्याची वाट हवी. एकाच भिंतीला चार खिडक्या असल्या तरी वारा आत डोकावून परत फिरतो. समोरासमोर दोन असल्या तर वाहतो. बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या वाटेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल तर आतला वारा जोरात लागतो. आणि येणारी खिडकी बसलेल्या माणसाच्या अंगाच्या उंचीवर हवी, म्हणजे खालची कड जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. कूलर लावणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. सारी दारे-खिडक्या लावून कूलर चालवला की घटकाभरात खोली दमट होते व घाम सुकत नाही. समोरची खिडकी चार बोटे तरी उघडी हवी. अर्थात कूलरला पाणी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, तेव्हा कूलरचे नाव काढण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

घरकुल बांधणाऱ्यांसाठी एक आकडा सांगून ठेवतो. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्याच्या एक-दशांश म्हणजे २७ चौरस फूट, म्हणजेच तीन फूट बाय तीन फुटांच्या तीन खिडक्या, पूर्ण उघडणाऱ्या पाकळ्यांच्या. त्यातील एक चुलीजवळ, दोन समोरासमोर. मात्र भूकंपाचा भाग असल्याने खिडकी कोपऱ्याला चिकटवू नये, दीड फूट तरी सोडावे, आणि खिडक्या-दारांच्या वरून सर्व भिंतींना एकसंध बांधणारा काँक्रीटचा पट्टा फिरवावा. जुन्या दगडी भिंतीत मागाहून खिडकी फोडण्याचे धाडस तर अभियंत्याला दाखविल्याशिवाय करूच नये. गारवा मिळवताना घर कमकुवत केले, असे व्हायला नको.

रात्री खिडकी उघडी कशी ठेवावी?

हे सारे ऐकून झाल्यावर आमच्या एका भगिनीने विचारले, “रात्री खिडकी उघडी ठेवा म्हणता. आम्ही ठेवू शकतो का?” या प्रश्नाने आमचे सारे गणित अडले. पुरुष ओट्यावर, गच्चीवर बाज टाकून झोपतात. बायका-मुली आत, खिडकी लावून, कारण बाहेरून कोणी डोकावेल, हात घालील ही भीती. उकाडा सारखा असतो, पण सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. याला उत्तर बांधकामातच शोधले पाहिजे. खिडकीचे खालचे व वरचे असे दोन भाग करून दोहोंना वेगवेगळ्या झडपा लावाव्यात. खालचा लावला तरी वरचा उघडा राहतो आणि नजर आत पोचत नाही. पूर्वीच्या वाड्यांतून तिरप्या पट्ट्यांच्या झडपा असत, त्यांतून वारा आत येई आणि बाहेरच्याला काही दिसत नसे. गज जवळजवळ हवेत. डासांची जाळी हवी, पण जाळीने वारा बराच अडतो. म्हणून जाळी लावणार असाल तर खिडकी मोठी धरावी आणि महिन्यातून एकदा जाळी काढून धुवावी. धुळीने बुजलेली जाळी म्हणजे भिंतच.

लातुरात शिकवणीसाठी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलामुलींची अडचण आणखी वेगळी. एका मोठ्या खोलीत आडव्या फळ्या लावून चार खोल्या केलेल्या, त्यांतील दोघींनाच खिडकी. भिंत फोडता येत नाही, मालकाला फार बोलताही येत नाही. त्यांना आम्ही एवढेच सुचवितो : आडवी फळी छतापर्यंत नेऊ नये, वर दीड-दोन फूट मोकळे असावे, एवढे तरी मालकाकडे मागावे. खाट पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी. टेबलपंखा असेल तर संध्याकाळी त्याचे तोंड खिडकीतून बाहेर करावे. विचित्र वाटते, पण तो आतली तापलेली हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या दारा-खिडकीतून बाहेरची गार हवा ओढली जाते. तासाभराने पंखा पुन्हा आपल्याकडे वळवावा. आणि मालकाने गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात मारला तर खालच्या साऱ्याच खोल्यांना फरक पडतो. चार मुलींनी मिळून चुना आणून दिला तर मालक बहुधा नाही म्हणत नाही.

अभ्यासिकेचे पुढे काय झाले, ते सांगतो. पहिला बदल बिनपैशाचा. पहारेकरीमामांना बसवून सारे समजावून सांगितले. ते म्हणाले, “रात्री उघडं ठेवलं आन् कोणी पुस्तकं नेली, तर मला बोलू नका.” त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून आधी गज बसविले, मग रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या. पश्चिमेला बाहेरून बांबूच्या ताट्या बांधल्या, त्या सूर्यास्तानंतर गुंडाळता येतात. गच्चीवर चुना मारला. पूर्वेच्या भिंतीतील कपाटे हलवून दोन खिडक्या काढल्या. इमारत काँक्रीटच्या खांबांची व ती भिंत केवळ भरावाची असल्याचे अभियंत्याने पाहून सांगितल्यावरच हे केले. दक्षिणेला स्लॅबखाली तीन झरोके काढले. पूर्वेकडून उजेड आल्यामुळे भिंतीकडच्या बाकांवर दिवसा नळीचे दिवे लावावे लागत नाहीत. पूर्वी ते सकाळपासून जळत. खिडकीतून येणारा उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दुपटी-अडीचपटीइतकाच आत पोचतो. आमची खोली वीस फूट रुंद आणि खिडकीची कड सात फुटांवर, तेव्हा पलीकडच्या टोकाला अंधार राहणारच होता.

मे महिन्यात दुपारी दोन ते पाच अजूनही कठीण जाते, हे लपविण्यात अर्थ नाही. पण मुले आता दुपारी एकपर्यंत आत बसतात, आणि रात्री साडेआठनंतर बसायला जागा मिळत नाही. जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे होते, ते जसे बिघडतील तसे तीस-पस्तीस वॅटचे नवे घेण्याचे ठरले आहे. यंत्रांची सूचना रद्द झालेली नाही, पुढे ढकलली आहे. ज्यांनी ती केली त्या सभासदांनीच पूर्वेच्या एका खिडकीचा खर्च दिला.

तिसऱ्या खिडकीचे पैसे जमले असून तिची चौकट सागाची असावी की लोखंडी, यावर मात्र दोन बैठका झाल्या तरी एकमत नाही. सागाची चौकट महाग, लोखंडी दुपारी हात भाजवते. येत्या वैशाखापूर्वी ती बसवावयाची आहे.